सिस्टरची बॅग, वहिनीचे पाने

त्या गल्लीत दोन बायकांचा दरारा होता आणि दोघी एकाच घरात राहत होत्या. एक सगळ्या गल्लीची वहिनी, दुसरी सगळ्या गल्लीची सिस्टर. नात्यानं नणंद-भावजय. नणंद-भावजयीचं पटत नाही असं म्हणणाऱ्यांनी या दोघींचं भांडण एकदा ऐकायला हवं होतं. इतकं मन लावून भांडायला मुळात चांगलं पटावं लागतं.

वहिनीचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं, घराच्याच खालच्या खोलीत. माहेरी वडलांचं सायकलचं दुकान, त्यामुळे ती पान्या-पकडींशी खेळतच मोठी झालेली. लग्न होऊन आली आणि वर्षाच्या आत तिनं त्या खोलीतला मोडका पलंग उचलून अंगणात फेकला, भिंतीला खिळे ठोकले आणि हत्यारं टांगली. सुरुवातीला पुरुषमाणसं नुसती बघायला उभी राहायची. बाई गाडी उघडेल, पण मिटेल कशी, असा त्यांचा प्रश्न. वहिनीनं एकेकाच्या हातात दिवा दिला. म्हणाली, "फुकट बघायचं नाही. इथं धर. हलवू नकोस." हात भरून येईपर्यंत दिवा धरून उभं राहावं लागलं तसे बघे कमी झाले आणि गिऱ्हाईक वाढलं. अपमान गिळून मोठं होण्याच्या गोष्टी लोकांना फार आवडतात. वहिनीनं एकही गिळला नाही, सगळे जागच्या जागी परत केले.

सिस्टर तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण. प्रसूतीच्या दवाखान्यात नर्स. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या पाठीवर जन्मल्या जन्मल्या पहिली चापट तिनं मारलेली, त्यामुळे तिच्यापुढे कुणी छाती काढून बोलत नसे. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "बाळंतपणं इतकी बघितली की." गावाबाहेरच्या वस्त्यांवर अडलेल्या बाईकडे वेळेत पोचता यावं म्हणून तिनं तरुणपणी एक जुनी, काळी, वजनदार मोटारसायकल घेतली. वहिनीनं पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, म्हैस. "खाते खूप, हलते सावकाश आणि मध्येच रस्त्यात बसते," हे त्यामागचं कारण. म्हैस बसली की वहिनीला निरोप यायचा. वहिनी मिळेल त्या वाहनानं जायची, दोघी रस्त्याकडेला बसून म्हशीला उठवायच्या आणि येताना वहिनी मागं बसून यायची. दोघींच्या आयुष्यातल्या निम्म्या गप्पा त्या मागच्या सीटवरून झालेल्या.

तर ही सिस्टर निवृत्त झाली. दवाखान्यानं हार घातला, भाषणं झाली, आणि आठवड्याभरातच सकाळच्या चहाला ती म्हणाली, "मी म्हैस घेऊन जाणार आहे. समुद्रापर्यंत. जिथं रस्ता संपतो आणि दीपगृह आहे ना, तिथपर्यंत."

तिचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, आयुष्यभर बस चालवलेला माणूस. दोन चाकांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. त्यानं बशीत चहा ओतला आणि विचारलं, "कुणाबरोबर?"

"एकटी."

वहिनी उठली. कप उचलून विसळायला गेली. चहा अजून निम्मा होता त्यात, तो तसाच ओतून दिला. नवऱ्यानं ते बघितलं आणि शहाण्यासारखा पेपर उघडला.

वहिनीला जे लागलं ते अगदी साधं होतं. मला विचारलं नाही. दुकान सोडून ती गेली असती का? बहुतेक नाही. पाठ साथ देत नव्हती, दुकानात गाड्या उघड्या पडलेल्या. पण नाही म्हणायला तरी आधी कुणी विचारावं लागतं. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, पण तिसऱ्या दिवशी म्हैस दुकानात सर्व्हिसिंगला आली तेव्हा वहिनीनं किल्ली काढून एप्रनच्या खिशात टाकली आणि जाहीर केलं, "वन्सं, एक अट आहे."

वन्सं म्हटलं की वहिनी रागावली आहे, हे सिस्टरला माहीत होतं. एरवी अगं-तुगं चालायचं.

"मागचं चाक एकटीनं काढायचं, पंक्चर काढायचं, चाक परत बसवायचं. मी भरून देईन त्याच बॅगेतल्या हत्यारांनी. जमलं तर किल्ली. नाही जमलं तर बसनं जा, तुझा भाऊ पास काढून देईल."

"चाक?" सिस्टर हसली. "ते तर आपण दोघींनी झोपेतसुद्धा काढलंय."

"मग झालं तर," वहिनी म्हणाली. आणि मनातल्या मनात, कुणाला कळणार नाही अशा बेतानं, ती सिस्टरच्या नापास होण्याची वाट बघू लागली. तिला स्वतःलाही ते धड कबूल नव्हतं.

पण बॅग भरायला बसली आणि राग कुठल्या कुठं गेला. काही माणसांना राग धरता येतो पण काम वाईट करता येत नाही. बॅग शेजारच्या शिंप्यानं शिवलेली, जाड कापडाची, गाडीच्या दोन्ही बाजूंना खोगिरासारखी पडणारी. शिंपी बोलघेवडा. त्याचं दुकान बरोबर समोर, आणि मशीन चालवताना त्याची नजर कापडावर कमी, गल्लीवर जास्त.

वहिनीची बॅग भरायची पद्धत ठरलेली होती. लांब जाणारे लोक तिच्याकडून बॅग भरून घ्यायला मुद्दाम येत. ती आधी जमिनीवर पोतं अंथरायची आणि सगळं त्यावर मांडायची. जे गाडीच्या कुठल्याच नटाला बसत नाही ते तिथंच बाद. प्रत्येक पाना वेगळ्या चिंधीत गुंडाळायचा, कारण खडखडणारं हत्यार झिजतं आणि ऐकणाऱ्याचं डोकंही झिजवतं. सगळ्यात शेवटी लागणारी वस्तू सगळ्यात खाली. रेनकोट सगळ्यात वर, कारण पाऊस सांगून येत नाही. नवी क्लच केबल तर ती बॅगेत भरतच नसे. जुन्या केबलच्या अंगालगत गाडीतच ओवून बांधून ठेवायची. तुटली की टोकं बदलली, झालं. "बॅगेतली केबल शोधायला पुरुष लागतो," ती म्हणायची, "आणि त्यालाही सापडत नाही."

सिस्टर आपलं सामान घेऊन खाली आली. तिच्या हातात औषधांचा डबा होता, हा एवढा मोठा.

"हे काय? दवाखाना उचलून आणलास?"

"थोडंसंच आहे. बँडेज, मलम, गोळ्या, कात्री."

वहिनीनं डबा उघडला. रुंद बँडेजच्या गुंडाळ्याच गुंडाळ्या, अंबाडे घातल्यासारख्या एकीवर एक. तिनं त्या काढून बाजूला ठेवायला सुरुवात केली. "एक बास. युद्धावर निघालीस का?"

"अगं, राहू दे ना. रस्त्यात कुणाला लागलं तर?"

"म्हणजे सुट्टीवर निघालीस तरी लोकांच्या पायात काटे शोधत जाणार. याच्या जागी मी पंप ठेवते. म्हशीला मलमपट्टी लागत नाही, हवा लागते."

"आणि मला?"

"तुला अक्कल," वहिनी म्हणाली, आणि बँडेज खुर्चीवर टाकली. एक गुंडाळी सिस्टरनं हळूच ओढून घेतली आणि साडीच्या जागी हल्ली घालायला लागलेल्या पँटच्या खिशात कोंबली. वहिनीनं बघून न बघितल्यासारखं केलं.

परीक्षेचा दिवस उजाडला. रविवार, दुकान बंद, म्हणजे बघायला सगळी गल्ली मोकळी. म्हैस दुकानासमोर मोठ्या स्टँडवर उभी केली. वहिनीनं मागच्या टायरमध्ये खिळा स्वतः ठोकला, तिरका, म्हणजे भोक सहज सापडू नये. बस चालवलेला नवरा खुर्ची टाकून बसला. शिंप्यानं मशीन दाराच्या आणखी जवळ ओढून घेतलं.

सिस्टरनं बॅग उघडली, पोतं अंथरलं, हत्यारं ओळीनं लावली. ऑपरेशनला मांडतात तशी. ब्रेकचा रॉड सोडवला, छान. मग चाकाच्या आसावरचा मोठा नट. त्या चाकाचा आस म्हणजे एक आरपार लोखंडी दांडा, दोन्ही टोकांना एकाच मापाचे नट. तिनं पाना बसवला, जोर दिला. नटाबरोबर अख्खा आसच फिरला. पुन्हा जोर दिला, पुन्हा सगळं एकत्र गरकन फिरलं.

सिस्टरनं वर न बघता डावा हात मागं केला.

आणि वहिनीनं, तीही न बघता, एप्रनच्या खिशातून त्याच मापाचा दुसरा पाना काढला, गाडीच्या पलीकडे उकिडवी बसली, दुसऱ्या टोकाचा नट धरला आणि म्हणाली, "हं, मार."

कट्ट असा आवाज झाला आणि नट सुटला. सिस्टर नट हातानं फिरवायला लागली, वहिनी आस बाहेर ढकलायला लागली. दोघींनाही काहीच वावगं वाटलं नाही. इतकी वर्षं हे असंच तर चाललं होतं.

समोरून शिंप्याचं मशीन थांबलं. "वहिनी," तो म्हणाला, "म्हणजे तूही चाललीस का? मग तुझी बॅग नाही शिवायला टाकलीस?"

वहिनीचा हात थांबला. तिनं हातातला पाना बघितला. मग पोत्यावरची ओळ बघितली. त्या मापाचा तिथं एकच पाना होता, तो सिस्टरच्या हातात. दुसरा तिनं भरलाच नव्हता. अख्ख्या गावाच्या बॅगा भरून देणारी बाई, आणि जो नट एका पान्यानं सुटतच नाही त्याला एकच पाना भरलेला. विसरली म्हणावं तर तसंही नाही. बॅग भरताना तो तिला लख्ख आठवला होता. दुसरा माझ्या खिशात आहे, म्हणून तिनं त्याची जागा पंपाला दिली होती.

"खिशात आहे म्हटलं मी," ती स्वतःशीच पुटपुटली.

नवरा म्हणाला, "अगं, खिसा तुझा आहे. तो तर इथंच राहणार."

"कळलं मला. तुम्ही चहा प्या."

गल्लीत कुणी हसलं नाही. हसायची सोयच नव्हती. वहिनीचे कान लाल झाले होते आणि तिच्या हातात लोखंड होतं. ती उठली, दुकानात गेली, उगाच भिंतीवरची हत्यारं इकडची तिकडं टांगायला लागली. सिस्टर हात पुसत मागोमाग आली.

"तू बॅग भरलीस," सिस्टर हळू म्हणाली, "पण स्वतःला धरून भरलीस."

"भरणारच. आजवर कधी एकटी गेलीस तू? निरोप पाठवायचीस, मी यायची." वहिनीनं एक पकड काढली आणि त्याच खिळ्याला परत अडकवली. "मग या वेळी विचारलं का नाहीस?"

हे एवढंच होतं. बाहेर पडलं एकदाचं.

सिस्टर स्टुलावर बसली. "विचारलं असतं तर तू आली असतीस."

"आले नसते. पाठ बघ माझी, दुकान बघ."

"आली असतीस. पाठीला पट्टा बांधून आली असतीस आणि सगळा रस्ता मला गिअर कधी बदलायचा ते सांगितलं असतंस."

हे खरं होतं, त्याला इलाज नव्हता.

"वहिनी, मला नोकरीत सगळ्यांनी हाक मारली. सिस्टर इकडे, सिस्टर तिकडे. झोपेतून हाक, जेवतानाही हाक. मी कंटाळले नाही, खोटं कशाला बोलू. पण एकदा मला असं कुठंतरी जायचंय जिथं कुणीच हाक मारणार नाही. तू पण नाही."

"मी पण नाही," वहिनीनं ते शब्द उलटून बघितले, गंजलेला बोल्ट उलटून बघावा तसे. मग नाक ओढलं. "परत येणार ना?"

"नाही, दीपगृहाच्या दिव्याशी लग्न करून तिथंच राहणार."

"त्याला तरी सुखानं जळू दे," वहिनी म्हणाली. एप्रनच्या खिशातला पाना तिनं काढून सिस्टरच्या हातात ठेवला. "धर. अट तीच आहे. पहिल्यापासून कर. मी इथं थांबत नाही. माझे हात माझ्या ताब्यात नाहीत."

ती रस्ता ओलांडून शिंप्याच्या दुकानात गेली, त्याच्या बाकावर बसली आणि दोन्ही तळहात मांडीखाली दाबून घेतले. शिंपी काही बोलणार तेवढ्यात म्हणाली, "तू शीव. उसवू नकोस."

सिस्टरनं नट पुन्हा घट्ट आवळले आणि नव्यानं सुरुवात केली. आता पाने दोन होते, हातही दोनच, पण मध्ये अख्खं चाक. एका बाजूला पाना लावून दुसऱ्या बाजूला जावं तर पहिला खाली पडे. दोनदा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर ती पोत्यावर बसली आणि त्या चाकाकडे बघत राहिली, अडलेल्या बाईकडे बघायची तसं, घाई न करता. मग खिशात हात घातला आणि बँडेजची गुंडाळी काढली.

मोडलेल्या हाताला फळी बांधतात, तसा तिनं पलीकडचा पाना चाक धरणाऱ्या दांडीला टेकवला आणि बँडेजनं बांधून टाकला. गाठ मारली, टोक आत खोचलं, सवयीनं वर एक थाप मारली. मग अलीकडे येऊन जोर दिला. बांधलेला पाना दांडीला अडून राहिला. कट्ट.

"बांधलं की," शिंपी म्हणाला.

खुर्चीवर फेकलेल्या त्या गुंडाळ्या वहिनीच्या डोळ्यांपुढे आल्या.

पंक्चर काढणं सिस्टरला सोपं गेलं. टायर उचकटला, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघितले, भोक घासलं, ठिगळ लावलं. टाके घालणाऱ्या हाताला ठिगळ काय अवघड. पण चाक परत बसवणं ही खरी परीक्षा. चाक जड, ते उचलून धरायचं आणि त्याच वेळी आस आरपार सरकवायचा. सिस्टरनं टायर काढायची लांब पट्टी चाकाखाली घातली, तिच्यावर पाय ठेवून चाक वर तोललं आणि आस आत ढकलायला लागली. जात नव्हता.

आणि वहिनीला दिसलं. चाक आणि दांडी यांच्या मध्ये बसणारी लोखंडी कडी पोत्यावरच पडली होती, पंपाच्या सावलीत. तिच्याशिवाय चाक डगमगणार. आस आत्ता गेला नाही हेच बरं, गेला असता तर आणखी वाईट.

वहिनीच्या तोंडात शब्द आला. अगं, कडी. एवढाच शब्द, रस्ता ओलांडून फेकायचा. आयुष्यभर तिनं तो असाच फेकला होता. समोर सिस्टर पुन्हा ढकलत होती, कपाळावर घाम, पाय पट्टीवर रोवलेला. वहिनीनं मांडीखाली बोटं इतकी दाबली की पांढरी पडली असतील. शिंप्यानंही कडी बघितली होती. तो सुई दातात धरून वहिनीकडे बघत राहिला. नवऱ्याला काहीच दिसलं नव्हतं, तो चहा पीत होता. वहिनीनं तोंड मिटलं.

सिस्टरनं ढकलायचं थांबवलं. चाक अलगद खाली ठेवलं. ती दवाखान्यात हाताखालच्या पोरींना म्हणायची, वाट नसेल तर जोर लावायचा नाही, आधी का अडलंय ते बघायचं. तसंच काहीसं ती पुटपुटली असावी, कारण तिचे ओठ हलले. मग तिनं पोत्यावरून हात फिरवला, पंप उचलला, कडी सापडली. ती उचलून तिनं समोर वहिनीकडे बघितलं. वहिनी छताला टांगलेली शिंप्याची झबली बघत होती, जसं काही आयुष्यात पहिल्यांदाच झबलं बघतेय.

कडी बसली, आस गेला, नट आवळले. ब्रेकचा रॉड लागला. सिस्टरनं चाक फिरवलं. ते फिरत राहिलं, सरळ, न डगमगता.

वहिनी रस्ता ओलांडून आली. चाक हातानं थांबवलं, दोन्हीकडून दाबून बघितलं. चेनचा ताण बघितला, नट बघितले. खोट काढायला जागा होती की नाही ते देव जाणे, पण तिनं काढली: "बँडेजची गाठ फार घट्ट मारतेस. सोडवायला वेळ गेला." मग आत जाऊन खुर्चीवरच्या सगळ्या गुंडाळ्या आणल्या, बॅगेत वरच भरल्या, रेनकोटच्याही वर, आणि त्यांच्या शेजारी किल्ली ठेवली.

"पाने दोन्ही दिलेत," ती म्हणाली. "भेट नाही दिलेले. परत पाहिजेत. त्याच चिंधीत."

"घेऊन येईन."

"निरोप पाठवायचा नाही."

"नाही पाठवणार."

सिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. म्हैस नेहमीसारखी दोनदा खोकली आणि मग चालू झाली. बॅगेतून काहीही खडखडलं नाही. गल्लीच्या वळणापर्यंत वहिनी कान देऊन ऐकत होती.

आठवड्यानं एक गिऱ्हाईक आलं. मागचं चाक काढायचं होतं. वहिनी गाडीशेजारी बसली आणि तिचा हात एप्रनच्या खिशात गेला. रिकाम्या खिशात तो थोडा वेळ तसाच राहिला.

"त्या मापाचा पाना गावाला गेलाय," ती म्हणाली. "महिनाभरानं या."

नवरा खुर्चीवरून म्हणाला, "अगं, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो की नवा."

"मिळतो," वहिनी म्हणाली. "मला माहितीये." आणि गिऱ्हाइकाच्या चेनला तेल घालायला लागली.